श्वासाची काटकसर

तिने टेबल खुर्चीजवळ ओढलं, त्यावर आरसा उभा केला आणि नवऱ्याच्या हाती रेझर दिला.

"कोपर टेबलावर टेक. हात अधांतरी धरलास की उगाच दम जातो."

त्याने कोपर टेकलं. नाकातली नळी सांभाळत एका गालावरून रेझर फिरवला, थांबला, ओठांचा चंबू करून श्वास सोडला. मग दुसरा गाल घेतला. भिंतीशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं.

कोणत्या कामाला किती ऑक्सिजन लागतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. धावपटूंच्या तोंडाला मास्क बांधायचा, त्यांना ट्रेडमिलवर पळवायचं आणि त्यांच्या श्वासाचं मोजमाप करायचं, हीच तिची उभ्या जन्माची नोकरी. तोही तिला तिथेच भेटला होता. लांब पल्ल्याचा धावपटू, अंगाने काटकुळा. त्याची फुप्फुसं काही जगावेगळी नव्हती. याहून मोठा भाता असलेले कितीतरी जण तिने पाहिले होते. पण ज्या वेगाला इतरांना धाप लागायची, तो वेग याला निम्म्या श्वासात परवडल्यासारखा वाटायचा. खांदे सैल, नजर समोर, पाऊल जमिनीला जेमतेम लागून उचललेलं. यंत्र बिघडलं असावं असं वाटून तिने त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. आकडा तोच आला. तिसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा मात्र यंत्राचं नुसतं निमित्त होतं.

संसारातही तो तसाच निघाला. एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्चायचा नाही. लग्नाला होकार देतानाही "चालेल" एवढंच म्हणाला होता. बहिणी तिला चिडवायच्या, "तुझ्या नवऱ्याच्या बोलण्याला मीटर बसवलाय का गं?" तीही त्यांच्याबरोबर हसायची. मग घरी येऊन गप्प माणसाच्या समोर बसून गप्प जेवायची.

आता ती फुप्फुसं आतून चामड्यासारखी घट्ट होत चालली होती. ती पुन्हा मऊ होतील असं औषध नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आहे ते जपून वापरा. तिने पदर खोचला. आंघोळ स्टुलावर बसून, उठताना श्वास सोडून, जेवण थोडं थोडं. बोलण्याऐवजी खुणा ठरवून टाकल्या: पाणी हवं तर अंगठा, पाठीशी उशी हवी तर मान. ज्याच्या तोंडून चार शब्द निघावेत म्हणून ती आयुष्यभर झुरली, त्याला आता तीच दटावायची, "बोलू नकोस."

दुपारी त्याचे जुने प्रशिक्षक भेटायला आले. घरात शिरल्यापासून त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. गप्प राहिले तर रडू येईल, हे त्यांनाही ठाऊक असावं.

"ती फायनल आठवते? शेवटची फेरी, हा सगळ्यांच्या पुढे. घास अगदी तोंडाशी आलेला, आणि नेमकी बुटाची नाडी सुटली. नशीब, दुसरं काय!"

त्याने मान डोलावली. ती प्रशिक्षकांना दारापर्यंत सोडायला गेली, तेव्हा ते डोळे पुसत पुटपुटले, "एक पाऊल वाया घालवायचा नाही हो हा."

ती परतली तर तो हसत होता.

"नाडी... सुटली नव्हती."

"बोलू नकोस."

त्याने तळहात वर करून तिला थांबवलं.

"सरांना मीच... तसं सांगितलं. त्या दिवशी तू... पहिल्यांदा आली होतीस. पिवळी छत्री घेऊन." त्याने श्वास गोळा केला. "मागचा माणूस ओरडला... दिसत नाही म्हणून. तर तू वळून... त्याच्याशी भांडायला लागलीस. माझी शेवटची फेरी... आणि तुझी पाठ माझ्याकडे."

"मी?"

"मला हसू आलं. हसलो... आणि दम गेला. सगळाच."

त्याच्या बोटावरचा, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा टिकटिकायला लागला. ओठ निळसर दिसत होते. प्रत्येक वाक्याची किंमत तिला ठाऊक होती; याहून कमी श्वासात माणूस जिना चढतो. सवयीने तिचा हात त्याच्या तोंडाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"तुला अपराधी वाटलं असतं. मग तू... परत आली नसतीस. बघायला."

टिकटिक वाढली. तिने त्याच्या बोटावरचा चिमटा काढला, बंद करून पलंगावर टाकला. मग त्याला आवाज चढवावा लागू नये म्हणून खाली, त्याच्या गुडघ्याला टेकून बसली.

"मग?" ती म्हणाली. "त्या माणसाने काय केलं?"

तो पुन्हा हसला, आणि सांगू लागला.