रिकाम्या कचेरीचा चहा

"हे कोणालेच पटनार नाही," कान तुटलेला कप उजेडात धरून शेषराव म्हणाले, "पन या कपातला चहा खुद्द कचेरीनं पेला हाय."

कपाच्या तळाला तपकिरी गोल... कितीही घासला तरी न निघणारा. त्यांच्या चहाच्या हॉटेलात बाकावर बसलेल्या पोरी पुस्तकं मिटून हसल्या, आणि शेषरावांना बरं वाटलं. समोर कचेरीच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. तहसील बायपासवरच्या नव्या इमारतीत गेली तेव्हा ही दगडी इमारत कुलपात पडली आणि तिच्यामागोमाग चिखलीचा हा अख्खा रस्ता – अर्ज लिहिणारे गेले, राजकुमारनं झेरॉक्सच्या मशीनवर चादर टाकली, खानावळ विझली... आता आत अभ्यासिका, मागच्या दालनात बचतगटांचा बाजार, आणि राजकुमारला जेवायला उसंत नाही. पण मधले ते दिवस – बायको, आशा, रोज म्हणायची, हॉटेल बंद करू, पोराकडे पुण्याला जाऊ. पुण्यात मी कोणाशी बोललो असतो? लिफ्टशी?

"मंग, आबा?" बाकावरून काजलनं विचारलं.

"मंग काय! दाराले कुलूप, आत चिटपाखरू नाही, आन् आतून हुकूम – शेषराव, दोन चहा! मी ट्रे दारापाशी ठेवला, पाठ फिरवली, का कप रिकामे! रोज!"

"काहीही, आबा!"

"तुह्या पुस्तकाची शपथ."

...कचेरीच्या पायरीवर ऊन असायचं. दोन कप, तोंड एकच. दुसरा निवायचा, तोही संपवायचा; रिकामे कप परत आले म्हणजे आशाला वाटणार, गिऱ्हाईक आहे अजून, पुण्याचं राहू द्या. वाटायचंच तिला – एरवी गप्प बसणारी का ती? चहा मात्र तेव्हा अगोड लागायचा. दिवसच तसे, असं मी धरून चाललो होतो...

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला.

"खोटं बोलून राह्यले हे, पोरींनो," आशाबाई आतूनच म्हणाल्या. "दोन्ही कप हेच पेत व्हते, तिथं पायरीवर बसून. मले इथून सारं दिसत व्हतं ना! म्हून त साखर कमी टाकत व्हती मी – या वयात दोन-दोन कप!"

पोरी बाक बडवून हसत होत्या. शेषरावांना पुढची थाप सुचेना... आणि सुचत नाही याचं, कधी नव्हे ते, काहीच वाटेना.