प्रत्येक फोटोत मीच

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. हसू नका, पण माझं वजन गुंजभरही नाही. मी राहतो संगणकात. ज्या लोखंडी इंजिनावरून मला बनवलं, ते दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या मुलखात आयुष्यभर धावलं आणि शेवटी भंगारात गेलं. आता माणसं घरी खुर्चीत बसून, चहाचे घोट घेत मला चालवतात. याला सिम्युलेटर म्हणतात. आमच्या रेल्वे क्लबातल्या लोकांसमोर त्याला ‘खेळ’ म्हणू नका, फार राग येतो त्यांना.

माझा कर्ता ग्रँट टलॉक. जन्मभर त्यानं खाटकाचं दुकान चालवलं आणि दुकान विकल्यावर तो माझ्या मागे लागला. आधी मी नुसता करडा ठोकळा होतो. चाकंसुद्धा धड गोल नव्हती. मग त्यानं रेल्वेवेड्या लोकांनी काढलेले जुने फोटो गोळा केले. त्यांतला माझा रंग, गंज आणि धुराची काजळी उचलून त्यानं माझ्या अंगावर चढवली. माझ्या जातीचं एक इंजिन कुठेतरी जिवंत होतं, तिथे जाऊन भोंग्याचा आवाज आणला. एकेक रिव्हेट मोजून बसवला. माझ्या लाल पट्ट्याची छटा कोणती, यावरून क्लबातल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, ते अजून बोलत नाहीत.

माझ्यासाठी अख्खा मार्गही बनवला. रूळ, स्लीपर, धान्याची कोठारं, निलगिरीची झाडं, खाऱ्या जमिनीतली झुडपं, सगळं काही. लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. ‘हुबेहूब!’ म्हणाले. हा शब्द ऐकला की अजूनही माझं टाळकं सरकतं. का, ते सांगतो.

रेल्वे संग्रहालयानं तो मार्ग मागितला होता. तिथे तो कायमचा बसवायचा आणि शाळेची मुलं येऊन बघणार, की आपला मार्ग असा होता. एकदा बसवला की पुन्हा त्यात कुणी बदल करणार नव्हतं. देण्याआधी ग्रँटनं गावच्या सभागृहात सगळ्यांना मला चालवायला बोलावलं. दारात सॉसेज भाजली जात होती, आत पावात कांदा घालून लोक ती खात होते आणि माझं कौतुक करत होते. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात मिलिका आली. गावच्या दवाखान्यात तिनं जन्मभर स्वयंपाक केला. सगळे तिला मिली म्हणतात. ती खुर्चीत बसली आणि तिनं मला अशा सफाईनं हाकलं की बघणारे पाव खायचे विसरले.

“मिली, हळू. पुढे वळण आहे,” ग्रँट म्हणाला.

“माहितीये रे. याच्याच आवाजावर लहानाची मोठी झाले मी. मला नको शिकवूस.”

यारांबी नावाच्या आडबाजूच्या थांब्यावर, साइडिंगच्या जादा रुळावर तिनं मला थांबवलं. खिडकीतून इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाली, “आमचं घर कुठाय?”

“कुठलं घर?”

“गँगमनांची घरं! रुळाला लागून होती चार. दुसरं आमचं.”

“तिथे नुसती झुडपं होती गं. सगळे फोटो तपासलेत मी.”

“म्हणजे मी झुडपात जन्मले होय?”

लोक हसले. क्लबाचा अध्यक्ष नेव्हिल हातातला पाव सांभाळत पुढे आला. “नियम आहे आमचा, मिली. फोटो नाही, तर वस्तू नाही. नाहीतर उद्या कुणीही येऊन राजवाडा मागेल.”

“राजवाडा! अरे मेल्या, पत्र्याचं खुराडं होतं ते. उन्हाळ्यात आत पाव भाजून निघाला असता.”

मित्रांनो, तिचे वडील क्रोएशियातून बोटीनं आले होते. बंदरावर उतरले आणि रेल्वेनं त्यांना थेट यारांबीला धाडलं, रूळ सांभाळायला. ही सगळी माणसं फोटोंतून गेली कुठे? मला विचारा ना! माझं अंगच त्या फोटोंचं बनलंय. शहरातून हौशी लोक मोटारी घेऊन येत आणि कॅमेरा लावत. घरांसमोर बरोबर मी उभा. प्रत्येक फोटोत मीच! मला कुणी विचारलं होतं, की बाबा रे, जरा सरकतोस का?

“एक हॅटवाला मला चांगला आठवतोय,” मिलिका सांगू लागली. “आमचा फोटो काढतोय असं वाटलं आम्हाला. बहीण आणि मी फ्रॉक नीट करून उभ्या राहिलो. तर त्यानं कोंबड्या हाकलाव्या तसं आम्हाला हुसकावलं. म्हणे, बाजूला व्हा पोरींनो, इंजिन दिसू दे.”

संतापानं माझा भोंगा वाजायचाच बाकी होता. पण मी पडलो संगणकातला, कुणी बटण दाबल्याशिवाय मला ओरडताही येत नाही.

“वाईट झालं ते,” ग्रँट पुटपुटला, “पण पुरावा नसताना मी कसं...”

“आणि हा एमू पक्षी?” तिनं पडद्यावर बोट ठेवलं. “याचा फोटो दाखव.”

“एमू काय... असतातच.”

“एमू असतातच, माणसं नसतात. वा रे वा! बरं, गाडीच्या शेवटी ते काय लावलंयस?”

“वाघीण, पाण्याच्या टाकीचा डबा,” ग्रँटची मान जरा ताठ झाली. “नळासकट अगदी बरोबर आहे.”

“आणि साइडिंगला ती टाकी?”

“तीही खरी. गाडीनं आणलेलं पाणी तिथे उतरवायचे.”

“कुणासाठी, ग्रँट? त्या एमूसाठी?”

ग्रँटचे कान लाल झाले.

“किती वर्षं घातलीत मी यात, तुला कल्पना नाही,” तो म्हणाला.

“तेच तर म्हणतेय! इतकी वर्षं घातलीस, आणि शाळेच्या पोरांना वाटणार की रूळ आपोआप उगवले. भर उन्हात वाकून वाकून माझ्या बापाची कंबर गेली. माझी आई त्या घरात गेली, डॉक्टर पोचायच्या आत. तिच्या जागी तू झुडूप लावलंस. आणि वर म्हणतोस हुबेहूब!”

ग्रँटनं संगणकातून जुना मूळ फोटो काढला, माझा सगळ्यात देखणा, ज्यातून माझी डावी बाजू बनली तो. मोठा केला, आणखी मोठा केला. माझ्या टपाच्या वर, मागच्या एका घराच्या धुराड्याचं टोक दिसत होतं. त्याच्यापासून एक दोरी निघाली होती आणि दोरीवर काहीतरी पांढरं, लांबुळकं फडफडत होतं.

“हे मी पुसलं होतं,” तो हळूच म्हणाला. “इंजिनाचा रंग उचलताना. फोटोवरचा डाग वाटला मला.”

“डाग नाही रे,” मिलिका म्हणाली. “बाबांच्या सदऱ्याची बाही आहे ती.”

आता सांगा, चीड येणार नाही तर काय होईल? माझ्यावरची काजळी खरी म्हणून जपली. माझ्या गंजावर निबंध लिहिले. आणि एका बाईनं धुऊन वाळत घातलेला सदरा डाग म्हणून पुसून टाकला!

“पण आज मार्ग द्यायचाय ना संग्रहालयाला?” नेव्हिलनं विचारलं.

“नाही देणार आज. गप बस तू,” ग्रँट म्हणाला.

मग मिलिका रोज ग्रँटच्या गॅरेजमध्ये येऊन त्याच्या शेजारी बसू लागली. चहा त्याचा, खसखशीचा केक तिचा, आणि भांडण दोघांचं.

“दार इकडे नको, धूळ आत येते. आईनं मागून उघडायला लावलं होतं.”

“आधी सांगायचंस ना! भिंत झालीये माझी.”

“मग पाड. खाटीक ना तू? हात जड झालेत तुझे.”

चार घरं उभी राहिली. पत्र्यावर गंज चढला, पण या खेपेस माझा नव्हे, त्या घरांचा. दोरी लागली, दोरीवर सदरा लागला. तो वाऱ्यावर हलायला लागला तेव्हा मिलिका उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही. ग्रँटनं तिला हाक मारली नाही, याबद्दल मी त्याला मानतो.

शेवटी संग्रहालयानं दाराशी लावायला एक मोठं चित्र मागितलं. ग्रँटनं काय करावं? सवयच ती! छान उजेड पाहून त्यानं मला साइडिंगवर आणून उभं केलं, थेट घरांसमोर.

“वा! काय दिसतंय इंजिन!” नेव्हिल म्हणाला.

“ग्रँट,” मिलिका म्हणाली, “इंजिन पुढे घे.”

“अगं, मग ते चित्रातच येणार नाही.”

“न येईना.”

ग्रँटनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि माझा ब्रेक सोडला. मी सरकलो. जन्मात इतक्या खुशीनं सरकलो नव्हतो.

त्या चित्रात मी नाही. जुन्या यंत्रांची काळजी घ्या, अशी विनवणी मी करावी, असं तुम्हाला वाटत असेल. आमची काळजी घेणारे ढीगभर आहेत हो! माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुमच्या हातात कॅमेरा आला आणि इंजिनाच्या आसपास कुणाची पोरं उभी असली, तर त्यांना हुसकावू नका. इंजिनाला सांगा. मित्रांनो, चाकं आम्हाला आहेत. सरकायचं आम्ही.