खुर्चीला सांगितलेलं

बर्नी गावात लोकांच्या मनाची दुखणी ऐकून घेणारी मार्गो डेव्हलिन ही एकटीच होती. बंदराच्या वरच्या अंगाला असलेल्या तिच्या खोलीत तीन खुर्च्या असत: एक तिची, एक येणाऱ्याची, आणि तिसरी, हिरव्या गादीची, कुणाचीच नाही. ज्याच्यावर राग आहे तो माणूस त्या तिसऱ्या खुर्चीत बसलाय असं धरायचं आणि पोटातलं सगळं त्याला सुनवायचं, ही तिच्या कामाची जुनी रीत होती.

केरिन दर बुधवारी येई. नवऱ्याच्या मारातून निसटून ती कुणालाही न सांगता जवळच्या पेंग्विन गावात राहायला गेली होती. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे, नुसतं 'तो' म्हणे.

"खुर्चीशी बोलू?" पहिल्या दिवशी ती हसली होती. "बरंय. ही निदान हात तरी उगारत नाही."

त्या बुधवारी मात्र ती उभी राहून ओरडली. मार्गोनंच तिला चेतवलं. "घाबरत नाहीस ना आता? मग सांग त्याला कुठे राहतेस ते. तोंडावर सांग!"

"पिवळ्या दाराचं घर आहे माझं," केरिन खुर्चीला म्हणाली, "रुळांच्या पलीकडे. पाय तर टाकून बघ तिथे!" मग ती मनमोकळं रडली, आणि मार्गोला वाटलं, आज काम झालं.

गुरुवारी ब्राइस आला. झोप लागत नाही म्हणून महिनाभर येणारा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारा, मऊ बोलणारा माणूस. आज तो आपल्या जागेकडे न वळता सरळ हिरव्या गादीवर बसला.

"ती जागा तुमची नाही."

"माझीच आहे, मार्गोबाई." तो तळव्यानं गादी चाचपत राहिला. "किती बुधवार बसलोय इथे. मुकाट्यानं शिव्या खाल्ल्यात." मग हलकेच म्हणाला, "पिवळा रंग केरिनला कधीच आवडत नसे हो."

भिंती जाड होत्या, दार बंद असे, ऐकायला कुणीच नव्हतं. मार्गोला भीती वाटायला हवी होती, पण तिच्या कानशिलांत रागच घणघणू लागला, त्याच्यावरचा आणि त्याहून जास्त स्वतःवरचा.

"बाहेर हो."

"अजून अर्धा तास आहे माझा."

"चालता हो म्हणते ना!"

तो उठला. जाण्याआधी त्यानं गादीवरची सुरकुती नीट केली.

पोलिसांना काय सांगणार, खुर्चीनं चुगली केली म्हणून? मार्गोनं तासाभरात पेंग्विन गाठलं, केरिनला दोन पिशव्यांसह गाडीत घातलं आणि दूर नेऊन सोडलं. कुठे, ते तिनं कुणालाही सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी केरिनच्या शेजारणीचा फोन आला. पिवळं दार कुणीतरी लाथांनी फोडलं होतं.

मार्गोनं ती खुर्ची फरपटत अंगणातल्या शेडमध्ये नेली आणि कुऱ्हाड उचलली. पण वीस वर्षं इतरांना शिकवलेली रीत तिच्याच तोंडात आधी आली.

"फोडलंस ना दार, हलकटा?" ती खुर्चीसमोर उभी राहून ओरडली. "काय मिळालं? रिकामं घर! मला घाबरवतोस? नाही घाबरत मी तुला. स्टॅन्ली गावात, माझ्या सख्ख्या बहिणीकडे ठेवलंय तिला, धक्क्यासमोरच्या घरात, आणि माझी बहीण तुझ्यासारख्याला—"

ती थांबली. कुऱ्हाड तिच्या हातात तशीच राहिली.

पत्र्याच्या फटीतून ऊन खुर्चीवर पडलं होतं. हिरवी गादी मधोमध खोल दबलेली होती. मार्गोच्या देखत ती हळूहळू वर आली, बसलेलं कुणी घाई न करता उठावं तशी.