मशीन वाजलं नाही

मी बोलतोय, जमिनीखालचा धातू शोधणारं मशीन. लांब दांडा, खाली ताटाएवढी गोल तबकडी, मुठीपाशी दोन बटणं आणि मालकांच्या कानाला लावायचा हेडफोन, एवढाच माझा संसार. बोलतोय म्हणालो खरा, पण मला फक्त वाजता येतं, आणि तेही माणसानं मुभा दिली तर. या मुभेपायीच माझ्या हातून घात झाला आहे.

कारखान्यात मी परीक्षेला पहिल्या फटक्यात पास झालो होतो. तपासणाऱ्या बाईंनी तबकडीसमोरून खिळा फिरवला, नाणं फिरवलं, मग गंमत म्हणून स्वतःचा अंगठी घातलेला हात फिरवला. तिन्ही वेळा मी खणखणीत वाजलो. त्यांनी मला खोक्यात निजवलं, उशाशी माहितीपत्रक ठेवलं आणि माझी पाठवणी केली.

मला विकत घेतलं ते नुकत्याच निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. तीस वर्षं घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपण्यात गेलेली, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मीटरकाका म्हणायची. माहितीपत्रक त्यांनी उघडलंसुद्धा नाही. "जन्मभर मशिनंच वाचली, आता मशीनबद्दल काय वाचायचं?" असं म्हणून त्यांनी ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. माणसांची ही खोड मी तेव्हापासून ओळखून आहे.

पहिली दोन वर्षं सुखाची गेली. रविवारी सकाळी आम्ही नदीकाठच्या मैदानावर जायचो. पुढे मला घेऊन मालक, मागून चहाचा थर्मास घेऊन मालकीणबाई. ती बाकावर बसायची, मालकांनी उकरून दिलेली नाणी जुन्या दातांच्या ब्रशनं घासायची आणि डोळे बारीक करून त्यावरचं साल वाचायची.

"अहो, हे तर माझ्या जन्माच्याही आधीचं."

"मग फारच जुनं म्हणायचं," मालक म्हणायचे, आणि ती त्यांच्यावर ब्रश उगारायची.

पुढे मैदानावर गर्दी वाढली. चॉकलेटचे चंदेरी कागद, बाटल्यांची झाकणं, डब्यांच्या कड्या, जिकडेतिकडे तेच. मी इमानानं प्रत्येकाला वाजायचो आणि मालक प्रत्येक वेळी गुडघे टेकून उकरायचे. एके दिवशी फिरायला आलेला कुणीतरी हसला, "काका, भंगाराचा धंदा काढलात का?" मालकांना ते फार लागलं. त्यांनी माझं दुसरं बटण शेवटपर्यंत पिळलं. त्या बटणानं हलक्या, पातळ धातूचा आवाज बंद होतो. त्यात कागद गेले, झाकणं गेली, आणि पातळ सोनंही गेलं, कारण ते मला कागदासारखंच ऐकू येतं. माहितीपत्रकाच्या सातव्या पानावर हे लिहिलं होतं.

त्यानंतर महिन्याभरात मालकीणबाईची अंगठी हरवली.

ती अंगठी मुळात मालकांच्या आईची. सासूनं ती घालून चाळीस वर्षं भांडी घासली, कपडे पिळले, आणि नंतर सुनेनं तीस वर्षं. याच घरासाठी राबून राबून दोघींनी ती झिजवली होती, अगदी पात करून टाकली होती. त्यात मालकीणबाई आजारातून उठलेली, बोटं काड्यांसारखी झालेली. बाकावर बसून तिनं संत्रं सोललं, ओले हात झटकले, आणि घरी येऊन हात धुताना पाहते तर बोट रिकामं.

मालकांनी मला उचललं आणि धावतच मैदान गाठलं. त्यांनी बाकाभोवतीची वीत न् वीत पिंजून काढली. अंगठी तिथंच होती, कुणाच्या तरी बुटाखाली मातीत दबलेली. तीन वेळा माझी तबकडी तिच्यावरून गेली. मला ती कळत होती. मी आतून ओरडत होतो आणि मालकांच्या कानात मात्र शांतता होती.

"मशीन वाजलं नाही," घरी येऊन ते म्हणाले.

"अहो, पण तिथंच पडली असणार. दुसरीकडे कुठे गेलेच नाही मी."

"वाजलं नाही म्हणजे तिथं नाही."

"मशीन चुकलं असेल."

हे वाक्य तिनं बोलायला नको होतं. मालकांनी खिशातलं नाणं काढून जमिनीवर टाकलं आणि मला त्यावर धरलं. मी वाजलो. नाण्याला वाजायची मुभा होती. तेवढा एक क्षण मी बंद पडलो असतो, तर बरं झालं असतं.

"तीस वर्षं प्रत्येक दारात हेच ऐकलं, मीटर चुकला असेल. माणूस थापा मारतो, मशीन मारत नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "गेल्या आठवड्यात तुझा भाऊ येऊन गेला. त्याला दिलीस ना? माझ्या आईची होती ती. निदान विचारायचं तरी."

ती पुढ्यातलं ताट तसंच ठेवून उठली. त्या दिवसापासून भावाचं येणं बंद झालं आणि रविवारचं मैदानही बंद झालं. एका घरात दोघं पाहुण्यासारखी राहू लागली.

मालक बाहेर गेलेले असताना एका दुपारी तिनं मला दाराआडून काढलं. मैदानात तिनं हेडफोन लावला आणि मालक करायचे तसंच मला डावीउजवीकडे फिरवू लागली. बटणाला तिनं हात लावला नाही. तिला वाटलं, काहीतरी बिघडेल. दोनदा आम्ही अंगठीवरून गेलो. माझा जीव कासावीस झाला, पण आवाज फुटला नाही.

ती बाकावर बसली. मला मांडीवर आडवं घेतलं.

"इथंच बसले होते ना मी?" तिनं मला विचारलं. मग रिकामं बोट चोळत म्हणाली, "का नव्हतेच बसले?"

संध्याकाळी ती मालकांना म्हणाली, "तुमचंच बरोबर असेल. मला हल्ली नीट आठवत नाही." मालकांनी नुसती मान डोलावली.

आता मी दाराआड उभा आहे. माझ्या गप्प राहण्याची साक्ष धरली गेली आणि ज्यानं मला गप्प केलं त्यालाच ते ठाऊक नाही. ऐकणाऱ्यांनो, बाकाच्या डाव्या पायापासून दोन हातांवर, दोन बोटं खाली. मला नेलं नाहीत तरी चालेल, साधं खुरपं घेऊन जा. पण लवकर जा. तिला आता स्वतःचंच खरं वाटेनासं झालं आहे.