शेठच्या कमरेचं माप

बाजाराच्या टोकाला, पिठाच्या गिरणीला लागून, मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान कसलं! एक मशीन, एक आरसा आणि एक स्टूल. गिऱ्हाईक आत आलं की मास्तरांच्या बायकोला काजं-बटणं घेऊन पायरीवर बसावं लागे. मास्तर इतके किडकिडीत, की त्यांच्या गळ्यातली टेप खुंटीला अडकवल्यासारखी दिसायची. बायको म्हणायची, "अहो, जन्मभर लोकांची पोटं मोजताय, स्वतःला एखादं आणा की!"

तिचंही चुकत नव्हतं. त्या गावात पोट म्हणजे पत होती. पोटवाला माणूस आला की लोक उठून खुर्ची देत. बिनपोटाचा आला की त्यालाच खुर्ची पुसायला लावत. आणि गावातलं सगळ्यात मोठं पोट धान्याच्या कोठारवाल्या शेठचं. चांगली शेहेचाळीस इंच कमर! शेतकरी म्हणत, हा माणूस स्वतः पोटभर खाऊन तृप्त आहे, आपल्याला मापात कशाला मारेल? आता हा तर्क कितपत खरा ते जाऊ द्या, पण शेठचा अर्धा धंदा त्या पोटावर चालायचा.

मास्तरांचा धंदा मात्र तोंड बंद ठेवण्यावर चालायचा. कोणाचा खांदा उतरलाय, कोण खिशात काय लपवतं, सगळं त्यांना ठाऊक. पण टेपेखाली कळलेली गोष्ट त्यांनी सख्ख्या बायकोलाही कधी सांगितली नव्हती. बायकोचा राग त्यावरच जास्त होता.

तर झालं असं, की शेठना शुगर निघाली. डॉक्टरांनी बजावलं, रोज गोळ्या घ्या, गोड बंद करा, कमर चार इंच उतरवा आणि महिन्याने रक्त तपासायला या. कमर उतरतेय की नाही, ते कळायचं कसं? दवाखान्यातला वजनकाटा बंद पडलेला. कोठारात पोती मोजायचा काटा होता, पण हमालांदेखत त्यावर चढायला शेठ तयार होईनात. शेवटी शेठची बायको, म्हणजे वहिनी, दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, दर आठवड्याला यांची कमर मोजायची आणि चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे पाठवायची. ते काहीही सांगोत, आकडा खरा लिहायचा."

"वहिनी, खोटं मोजलं तर कापड वाया जातं," मास्तर म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात पँट सैल करताना शेठच्या खिशातून बिस्किटांचा चुरा सांडला. दुसऱ्या खिशात चॉकलेटचे कागद. शेठनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी छताकडे.

"मास्तर, तू काही पाहिलं नाहीस."

"नाही शेठ."

"घरी नुसता पालापाचोळा उकडून देते रे. माणसाने जगायचं कसं?"

शेठ चिक्कार खात होते. कोठारात, गोण्यांच्या आडोशाला, दिवसातून चार वेळा. आणि गंमत बघा, तरी कमर उतरत होती! शेहेचाळीसची चव्वेचाळीस झाली. चव्वेचाळीसची बेचाळीस. वहिनींना तर आकाश ठेंगणं झालं. मास्तरांच्या चिठ्ठ्या त्या घरी येणाऱ्या बायकांना वाचून दाखवू लागल्या. पालापाचोळा कसा उकडायचा ते शेजारणींना शिकवू लागल्या. महिना झाला तेव्हा त्यांनीच ठरवलं, की कमर एवढी छान उतरतेय तर डॉक्टरकडे हेलपाटा कशाला? शेठनी गोळ्याही सोडल्या. कडू लागतात म्हणे.

पण बाजाराला चिठ्ठ्या कुठे माहीत होत्या? बाजार म्हणू लागला, शेठ बुडाले. दोन शेतकरी आपलं धान्य पलीकडच्या गावी घेऊन गेले. चहावाल्याने पहिल्यांदाच शेठना "बसा" म्हटलं नाही. शेठ तडक दुकानात आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"मास्तर, मला पोट शिवून दे."

"काय?"

"कापूस भरून. आत हुक लाव. कोठारात गेलो की चढवीन, घरी जाताना काढीन. हिला कळता कामा नये."

मास्तरांनी शिवलं. शिवताना त्यांनाच हसू आवरेना. असलं देखणं पोट त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. बायको पायरीवरून डोकावून म्हणाली, "बघा, शेठ विकत घेतात, आणि तुम्हाला फुकट येत नाही!"

सातव्या आठवड्यात शेठ माप द्यायला आले आणि कापसाचं पोट काढून स्टुलावर ठेवलं. आधी तांब्यातलं पाणी घटाघट प्यायले. मग मडक्यातलं. माप घेता घेता मध्येच गिरणीमागे जाऊन आले. परत आले, पुन्हा पाणी मागितलं, पुन्हा गेले. मास्तरांनी टेप गुंडाळली. एकोणचाळीस.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. दुप्पट खाणं, निम्मं अंग, न भागणारी तहान. हे त्यांनी आधी पाहिलं होतं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाच्या अंगावर.

"शेठ, डॉक्टरला दाखवा."

"कशाला? उतरतेय की कमर. तूच लिहून देतोस!"

हेच तर मास्तरांना झोंबलं. त्यांच्याच चिठ्ठ्या वाचून त्या घराने डॉक्टर सोडला होता. माप खरं होतं आणि तरी माणूस मरायला निघाला होता. तोंड उघडावं तर शेठ जातील, आणि शेठच्या मागोमाग बाकीची गिऱ्हाइकंही. जो शेठचं फोडतो तो आपलं काय झाकणार? दिवसभर मास्तरांनी एक बाही तीनदा उसवली. संध्याकाळी त्यांनी शेठ आवळायला टाकून गेलेली पँट उचलली, स्टुलावर राहिलेलं कापसाचं पोट काखेत मारलं आणि निघाले.

वहिनी ओसरीवर शेजारणींना चिठ्ठ्या दाखवत बसल्या होत्या. शेठ खुर्चीत पेंगत होते. मास्तरांनी पँटचे खिसे उलटे केले. बिस्किटांचा चुरा भुरभुर फरशीवर सांडला. त्यात एक मुंगीही होती, ती चालू लागली. मग मास्तरांनी कापसाचं पोट चिठ्ठ्यांवर ठेवलं.

"वहिनी, शेठ तुमच्या उकडलेल्याने वाळलेले नाहीत. चोरून खातात, गोळ्या घेत नाहीत, आणि तरी वाळतायत. आज माझं अख्खं मडकं प्यायले. मला भीती वाटते."

एक शेजारीण फिस्सकन हसली आणि तिने पदर तोंडावर धरला. शेठ लालबुंद होऊन उठले. "मास्तर! पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही! तुझ्यावर विश्वास टाकला मी!" एवढं ओरडेपर्यंतच त्यांना धाप लागली आणि ते मटकन खाली बसले. वहिनींनी चुऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या गळ्याच्या उघड्या हाडांकडे पाहिलं, आणि जीप काढायला ओरडल्या.

शेठ सोळा दिवस इस्पितळात होते. इकडे मास्तरांचं दुकान ओस पडलं. लोक रस्ता बदलून जाऊ लागले. कापसाचं पोट वहिनींनी परत पाठवलं होतं, त्याचे हुक काढून बायकोने ते स्टुलावर टाकलं आणि म्हणाली, "बसा यावर. निदान तुमच्या उपयोगी तरी येऊ दे."

सतराव्या दिवशी शेठ आले. चालत, एकटे. वाटेत कोणी खुर्ची दिली नव्हती. मास्तर गडबडीने उठले. शेठचं लक्ष स्टुलाकडे गेलं.

"हे माझं पोट ना?"

"परत हुक लावून देतो, शेठ."

"राहू दे." शेठ स्वतःच त्यावर बसले. "डॉक्टर म्हणाला, अजून आठवडा गेला असता तर संपलं होतं. तुला कसं कळलं रे?"

"माझा बाप असाच गेला."

"मग त्याला कोणी सांगितलं नाही? गावात एकालाही दिसलं नाही?"

"हमाल होता, शेठ. हमाल वाळला, त्यात काय दिसायचं? तुम्ही वाळलात तर बाजार हलला. तो वाळला तेव्हा लोक म्हणाले, राबणारा गडी आहे, वाळणारच." मास्तर टेप सरळ करू लागले. "तुमच्याच कोठारात होता. तुमच्या वडिलांच्या वेळी."

शेठ उठले. न मोजताच निघाले. पायरीवर थबकून, मागे न बघता म्हणाले, "उद्या सकाळी टेप घेऊन कोठारावर ये. बाराच्या बारा हमालांची कमर मोजायची. दर महिन्याला. कोणाची उतरली तर मला सांगायचं. सगळ्यांदेखत."

दुसऱ्या दिवशी कोठाराच्या दारात बारा हमाल रांगेत उभे होते, अंघोळी करून, भांग पाडून. शेठ माप घेणार म्हणजे नक्की काहीतरी मिळणार, अशी त्यांची खात्री. मास्तरांनी पहिल्याच्या कमरेभोवती टेप गुंडाळली. गड्याने श्वास कोंडून पोट होतं नव्हतं तेवढं पुढे काढलं होतं. चेहरा जांभळा पडला होता.

"अरे, सैल सोड," मास्तर म्हणाले.

"नको मास्तर," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "सैल सोडलं तर टेप खाली पडेल."