पानाच्या तळाशी दोन ओळी

मित्रांनो, तुम्ही कादंबरी वाचता तेव्हा मी त्याच पानावर असते. फक्त तुमची आणि माझी गाठ क्वचितच पडते. मी एक जुनी तळटीप आहे. अंगाने दोन ओळींची, अक्षराने बारीक. माझ्या डोक्यावर एक आडवी रेघ आहे आणि रेघेच्या वर कादंबरी राहते. वरच्या मजल्यावर माणसे जन्मतात, रुसतात, मरतात. ती का रुसली हे खालून सांगायचे, एवढेच माझे काम. वरची मंडळी माझ्याशी कधी बोलत नाहीत. मी आता थकले आहे, पण माझी हकिगत सांगण्यापुरता दम अजून शिल्लक आहे.

माझा जन्म एका जेवणाच्या टेबलावर झाला. मला लिहिणाऱ्या बाई जपानी कादंबऱ्यांचा अनुवाद करीत. सकाळची भांडी आवरली की त्या टेबल पुसून तिथे शब्दकोश मांडत आणि मुले शाळेतून आली की सगळा संसार उचलून कपाटावर ठेवत. त्यांचे यजमान दंतवैद्य होते. त्यांचा दवाखाना त्याच घराच्या तळमजल्यावर होता. जेवायला वर आले की ते आधी टेबलावरचे कागद वाचत आणि मग ताट मागत.

त्या वेळी बाईंच्या हातात एका आई आणि लेकीची कादंबरी होती. समुद्रकाठच्या गावातली म्हातारी आई आजारी पडते आणि शहरात नोकरी करणारी लेक तिचे करायला येते. एका संध्याकाळी लेक आईचे अंग पुसते आणि तिला धुतलेला सुती किमोनो घालते. ऑफिसातून फोनवर फोन येत असतात, तिचे लक्ष थाऱ्यावर नसते. ती किमोनोची उजवी बाजू वर घेते आणि पट्टा बांधून टाकते. आई मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे बघते, थोडीशी हसते आणि म्हणते, "छान बसलाय." लेखकाने पुढे एक अक्षरही लिहिलेले नाही.

त्याला गरजच नव्हती. जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू वर असते, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. उजवी बाजू वर घेतात ती फक्त मेलेल्या माणसाला शेवटचे कपडे चढवताना. लेकीच्या हातून चूक झाली होती. आईला ती कळली होती, आणि तिने ती सुधारू दिली नाही. पण आपल्या वाचकाला यातले काय कळणार? त्याला वाटणार, म्हातारी स्वच्छ कपडे बघून खूश झाली. म्हणून मला जन्माला घालणे भाग पडले.

बाईंना स्वतः करून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. शब्दकोशात किमोनो घातलेल्या बाईचे चित्र होते. बाईंनी यजमानांचा अंघोळीनंतरचा झगा अंगात चढवला, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि आरशातली आपण चित्रातल्या बाईसारखी दिसेपर्यंत झगा इकडचा तिकडे केला. मग कोणती बाजू वर आली ते हाताने चाचपले आणि मला कागदावर उतरवले. झाले! मी जन्मले तीच उलटी. त्या पहिल्या मसुद्यात मी जपानमधली सगळी जिवंत माणसे मेलेली करून टाकली होती.

दंतवैद्य जेवायला वर आले. त्यांनी मला वाचले, चित्र बघितले, झगा घातलेल्या बायकोकडे बघितले. त्यांचा सारा दिवस इवल्याशा आरशातून लोकांच्या दाढा बघण्यात जात असे.

"अगं, चित्रातली बाई तुझ्यासमोर उभी आहे, आरशातली तू स्वतः आहेस," ते म्हणाले. "असा आरशावर भरवसा ठेवून मी दात काढले असते, तर दवाखान्याला कधीच कुलूप लागलं असतं."

बाईंनी मला खोडून सरळ केले. तेव्हापासून मी सरळ आहे.

माझी एक थोरली बहीण होती. ती विज्ञानाची. कादंबरीतले वडील जमीन जराशी थरथरली की आकडे मोजू लागत, ते का, हे ती सांगत असे. भूकंपाची पहिली लाट वेगवान पण अशक्त असते, मागची सावकाश येते आणि घरे पाडते. दोन्हींमध्ये जितका वेळ जाईल तितका भूकंप लांबचा. पाच ओळींचा तिचा ऐसपैस देह, त्यामुळे तिचा तोरा काही विचारू नका. माझ्याकडे ती धाकट्या जावेकडे बघावे तशी बघे.

पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा प्रकाशनाच्या कचेरीत आमच्यावर संकट आले. तिथल्या संपादकांना सगळे कात्रीकाका म्हणत. माणूस मायेचा, पण तळटीप दिसली की त्यांचे माथे भडके. ते बाईंना म्हणाले, "वाचकाचे डोळे भरून यायची वेळ, आणि तुम्ही खालून त्याचा शर्ट ओढता."

"काका, डोळे भरून येतील कशाने?" बाई म्हणाल्या. "त्याला काही कळलेलंच नाही."

वाद पुष्कळ झाला. चहा दोनदा आला आणि दोन्ही वेळा गार झाला. शेवटी काकांनी हात टेकले आणि मी राहिले.

ती माझ्या उमेदीची वर्षे. एका शिक्षिकेने मला वर्गात वाचून दाखवले. एका समीक्षकाने माझे नाव घेतले नाही, पण 'उपयुक्त टिपा' असे दोन शब्द लिहिले. त्यातला अर्धा शब्द माझा, असे मी धरून चालले. मग पुस्तक जुने झाले. ग्रंथालयातल्या प्रतींत कसर लागली, आणि कसरीला तळाचा कागद विशेष आवडतो. कितीतरी वाचक वरच्या ओळीतली माझ्या खुणेची चांदणी बघूनही खाली उतरत नसत. मित्रांनो, समजावून सांगायला सज्ज बसावे आणि कोणी काही विचारू नये, याचा शीण फार असतो.

बऱ्याच वर्षांनी नवी आवृत्ती काढायचे ठरले. तोवर बाईंची नजर अधू झाली होती. पानाच्या मधोमध त्यांना धुरकट ठिपका दिसे. कडा दिसत, मधली अक्षरे दिसत नसत. हे वाढतच जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले होते. हे पुस्तक स्वतः नीट करायची ही शेवटची संधी आहे, हे त्यांना ठाऊक होते. नवी संपादक तरुण मुलगी होती. तिने आल्या आल्या सांगितले की तळटीपा काढून टाकू, हल्ली लोक फोनवर शोधून घेतात.

"अगं, शोधायचं तर आधी काहीतरी हरवलंय हे कळायला हवं ना," बाई म्हणाल्या.

मुलगी हसली. बाईंचे मन राखायला म्हणाली, की अगदी अडेल तिथे एखादी ठेवू.

माझ्या थोरल्या बहिणीचा निकाल पहिल्याच दिवशी लागला. 'किती लांब आहे ते मोजायला' एवढे शब्द बाईंनी कादंबरीच्या वाक्यात घातले आणि तिचे काम भागले. पाच ओळींची ती, मुकाट्याने पाच शब्दांत विरघळली. तिचा तोरा आठवून मला तेव्हा रडू आले. आता माझी पाळी होती.

नवी पाने दंतवैद्यच बाईंना वाचून दाखवत. दवाखाना बंद झाला होता, वेळच वेळ होता. एका दुपारी ते त्या प्रसंगाला आले. "छान बसलाय," त्यांनी वाचले आणि चांदणीपाशी थांबले. चष्मा सारखा केला, खाली उतरले, मला वाचले. पेशंटला गुळण्या कशा करायच्या ते सांगावे, त्याच आवाजात. मग घसा खाकरून वर गेले, तर ओळ सापडेना.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला त्यांनी आजवर कधी कानांनी ऐकलेच नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले, पुन्हा तेच झाले. म्हातारी हसत होती आणि मी तिच्या हसण्यात लुडबुडत होते. कात्रीकाका गेले त्याला बराच काळ लोटला होता, पण त्या दुपारी ते अर्धा वाद जिंकले.

"अहो, आता खालचं वाचू नका," बाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी माझ्याविना वाचले. या वेळी ओळ कुठे हरवली नाही. मला वाटले, संपले आपले.

"पण मग लोकांना कळणार कसं?" दंतवैद्यांनी विचारले.

बाईंनी दुसऱ्या प्रकरणातले फोटोचे पान काढायला सांगितले. तिथे लेक लहान आहे, शाळेत फोटो आहे, म्हणून ती आपली आपण किमोनो घालते, तोही उजवी बाजू वर घेऊन, आणि आई तिच्या हातावर हलकीशी चापट मारून तो सोडते आणि पुन्हा घालते. एवढाच प्रसंग, हसण्यावारी जाणारा.

"हिला इथे आणा," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला फार लागले. इतकी वर्षे ज्या प्रसंगाशी मी उभी राहिले तिथून उचलून मला पोरीच्या फोटोपाशी बसवले. ऐन कामाच्या माणसाची आडगावी बदली करावी, तसे झाले.

ती संपादक मुलगी पाने घ्यायला आली तेव्हा तिथेच टेबलाशी वाचायला बसली. फोटोच्या पानावर तिने मला वाचले, 'हं' म्हटले आणि पुढे गेली. मी शरमेने अर्धी झाले. बाई समोर बसून होत्या. त्यांना मुलीचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्या नुसता पाने उलटल्याचा आवाज ऐकत होत्या. पुष्कळ वेळाने तो आवाज थांबला.

"मॅडम," मुलगी म्हणाली, "त्या आईला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"लेकीनं किमोनो कसा घातला ते. कळूनही ती काही बोलली नाही." तिने डोळे पुसले.

"तुला हे कुणी सांगितलं?" बाईंनी विचारले.

मुलीने विचार केला. "कुणी नाही," ती म्हणाली. "मला माहीतच होतं."

बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. मी त्यांना इतके निवांत कधी बघितले नव्हते. एवढेच हवे होते त्यांना, आणि खरे तर मलाही.

मित्रांनो, तुम्हालाही पुष्कळ गोष्टी अशाच माहीत आहेत. त्या तुम्हाला कोणीतरी, कधीतरी, तुम्ही दुसरीकडे बघत असताना सांगितलेल्या आहेत. सांगणाऱ्याचे नाव तुम्ही विसरलात तरी चालेल. पण तो अजून जवळपास असेल, थकून बसला असेल, तर त्याच्यापाशी घटकाभर जाऊन बसा.