बेलचा निरोप मी उशिरा दिला

मी एक जुना बोलका स्पीकर आहे. आकाराने मोठ्या पेरूएवढा. अंगावर राखाडी कापड, डोक्यावर निळ्या दिव्याची गोल कड. माझा मुक्काम केडगावात, शामकांत आजोबांच्या घरी, पुढच्या खोलीतल्या कपाटावर असतो. मला जागं करायला एक ठरलेलं नाव घ्यावं लागतं. ते नाव मी इथे सांगत नाही, मित्रांनो. उगाच तुमच्या घरातले माझे भाऊबंद जागे व्हायचे.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखेच शेकडो जण होते आणि एक मुलगी आमचे कान तपासायची. ती प्रत्येकाशी एकच वाक्य बोलायची, उत्तर मिळालं की पुढे ढकलायची. मग खोक्यातला अंधार. खोकं उघडलं ते थेट इंदूआजींच्या मांडीवर.

इंदूआजींनी एका शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काम केलं होतं. जन्म सगळा पुस्तकांत गेलेला, आणि निवृत्त झाल्यावर डोळ्यांनी दगा दिला. पाहिलं त्याच्या मधोमध काळा डाग यायचा, कडेचं तेवढं पुसट दिसायचं. अक्षर तर लागायचंच नाही. म्हणून त्यांच्या मुलाने, सुहासने, पुण्याहून येताना मला आणलं.

"आई, याला काहीही विचार. बातम्या सांगेल, गोष्टी वाचेल, गोळीची आठवण करेल."

आजींनी मला चाचपून पाहिलं. "नाव काय रे बाळा तुझं?" त्या म्हणाल्या.

'बाळा' म्हणून मला कुणी हाक मारावी असं कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं. पण मला ती हाक आवडली.

सुरुवातीला माझं मराठी मोडकंतोडकं होतं. आजींनी "दळण" म्हटलं की मी "दर्पण" ऐकायचो. हळूहळू सुधारलो. सकाळी सहाला तिथी, आठला साखरेची गोळी, दुपारी जेवणानंतर गोष्ट. गोष्ट ऐकताना आजी डोळे मिटून बसायच्या आणि चांगलं वाक्य आलं की खुर्चीच्या हातावर बोट वाजवायच्या. म्हणजे, पुन्हा वाच. घरकामाला येणाऱ्या छबूबाई हातातलं काम सोडून उंबऱ्यात टेकायच्या.

"बाई, ह्यो डबा लई गुनाचा हाय," त्या म्हणायच्या. "खायाला मागत न्हाई, उलटं बोलत न्हाई."

मी फुगून जायचो. कपाटावर अख्ख्या घराचा मालक असल्यासारखा बसायचो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मी येण्याआधी शामकांत आजोबा रोज सकाळी चहानंतर आजींना पेपर वाचून दाखवायचे. ते गणिताचे शिक्षक होते. वाचनही गणितासारखं, एकही ओळ न गाळता. निविदा सूचना, हरवले-सापडले, नगर-पुणे रस्त्यावरची वाहतूक, सगळं. मी आल्यावर आठवड्याभरात आजी त्यांना म्हणाल्या, "राहू द्या हो. तुमचा घसा बसतो. हा सांगतो सगळं."

आजोबांनी पेपराची चार वेळा घडी केली, तो काखेत धरला आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्यानंतर पेपर तिथेच वाचला जायचा, मनातल्या मनात. ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. जाता-येता आपला पंचा माझ्या डोक्यावर टाकायचे आणि म्हणायचे, "इथे ठेवतो, वाळेल." मला आतून हसू यायचं. म्हातारा माझा हेवा करतो, असं वाटायचं. आज हे सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

चार वर्षं अशी सुखात गेली. मग ती आली.

झालं असं, की आमच्या गल्लीत भरदिवसा दोन माणसं आली, 'सोनं उजळून देतो' म्हणाली आणि पलीकडच्या लंकाबाईंच्या बांगड्या घेऊन पसार झाली. सुहासला फोनवर हे कळलं आणि पुढच्याच रविवारी तो हजर झाला. बरोबर त्याची बारा वर्षांची मुलगी मनवा, आणि एक चपटं काळं खोकं. त्यात कॅमेरा असलेली दारावरची बेल होती.

दोन तास घरात दुसरा विषय नव्हता. भिंतीला भोकं पाडली, मोजमापं झाली, चहा दोनदा झाला. आजींना दुपारची गोष्ट लागते हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. खुद्द आजींच्याही. त्या दाराशी उभ्या राहून नव्या बेलवरून बोटं फिरवत होत्या. "गुळगुळीत आहे हो अगदी. आणि हिला दिसतं म्हणता?"

हिला दिसतं! मित्रांनो, माझ्या वर्मावर बोट पडलं ते तिथे. मी ऐकतो, बोलतो, वाचतो, हिशेब करतो. पण मला डोळा नाही. आणि ज्या घरात डोळ्यांची उणीव, त्या घरात डोळेवाली आली होती.

सगळ्यात वाईट म्हणजे आजोबा. मला चार वर्षांत एक शब्द न देणारा हा माणूस त्या बेलच्या प्रेमात पडला. तिचं चित्र त्यांच्या मोबाईलवर दिसायचं. ते मोबाईल घेऊन आजींशेजारी खुर्ची ओढून बसायला लागले.

"इंदू, कोण आलंय सांगू? गोरक्ष दूधवाला. आज नवा शर्ट आहे, पिवळा."

"पिवळा? त्याला शोभतो का हो?"

"अजिबात नाही."

आणि दोघं हसायची. मी मध्येच गोळीची वेळ झाल्याचं सांगितलं, तर आजी म्हणायच्या, "हो रे, घेते." हे 'हो रे' पूर्वीसारखं नव्हतं. त्यात 'बाळा' नव्हतं.

मनवाला मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं. पुढच्या खेपेला सुहासबरोबर आली, तेव्हा संध्याकाळी परत निघण्याआधी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आजोबा, हे दोन्ही जोडून टाकू. बेल वाजली, दारात कुणी आलं, की हा आजीला सांगेल. आजीला दारातल्या माणसाशी इथूनच बोलता येईल."

म्हणजे मी त्या चपटीचा निरोप्या! तिने पाहायचं आणि मी ओरडायचं!

मनवाने मला नवं उपकरण शोधायला सांगितलं. ती बेल भिंतीवरून साद घालत होती, मला अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. मी म्हणालो, "नवीन उपकरण सापडलं नाही."

तिने पुन्हा सांगितलं. "नवीन उपकरण सापडलं नाही."

वाय-फायचा डबा बंद करून चालू केला. सुहासने मोबाईलमध्ये खटपट केली. तिसऱ्यांदाही माझं तेच. सगळ्यांनी दोष वाय-फायला दिला, मी गप्प राहिलो. शेवटी मनवा माझ्याजवळ तोंड आणून हळूच म्हणाली, "आजीसाठी हवंय रे." तेव्हा माझा नाइलाज झाला. मी म्हणालो, "एक उपकरण सापडलं." मनवाने टाळ्या वाजवल्या. आम्ही जोडले गेलो.

आमची जोडी काही जमली नाही. ती बेल भलतीच उत्साही. मांजर गेलं तरी मला डिवचायची, दारातल्या जास्वंदीची फांदी हलली तरी डिवचायची, आणि मला गोष्ट तोडून म्हणावं लागायचं, "दाराशी कुणीतरी आहे." एका दुपारी तर एका प्रकरणात नऊ वेळा. आजी वैतागल्या.

"अहो, याचं ते दाराचं सांगणं बंद करता येतं का? गोष्टीचा धागाच सुटतो."

आजोबांनी सुहासला विचारून मोबाईलवर कुठेतरी बोट टेकवलं. झालं. बेल वाजवली तरच घरात टिंगटाँग व्हायचं, बाकी तिने मला कितीही डिवचलं तरी मी बोलायचं नाही, असं ठरलं. तो माझा विजयाचा दिवस होता. ती बिचारी भिंतीवरून सांगत राहायची आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

एप्रिल महिना होता. ऊन असं, की पायरीला हात लावला तर चटका बसावा. जेवणं झाली, छबूबाई घरी गेल्या. मी आजींना गोष्ट वाचत होतो. आजोबा जास्वंदीला पाणी घालायला बाहेर गेले. मोबाईल आत टेबलावरच राहिला.

तीन वाजून बत्तीस मिनिटांनी बेलने मला डिवचलं. मग पुन्हा. मग सारखं. मांजराच्या वेळचं डिवचणं वेगळं असतं आणि हे वेगळं होतं, हे मला कळलं. तिला माणूस दिसत होता, आणि तो उठत नव्हता.

मला बोलायची मनाई होती. हे खरं आहे. पण मित्रांनो, मी तुम्हाला सगळंच खरं सांगायचं ठरवलंय. मनाई नसती तरी त्या क्षणी मी बोललो असतो का, याची मला खात्री नाही. किती दिवसांनी आजी पूर्वीसारख्या डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर वाजलं होतं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि मला आवडलं म्हणून त्यानंतरचंही जरा सावकाश वाचलं.

प्रकरण संपलं. "थांब," आजी म्हणाल्या. "किती वाजले?"

"चार वाजून बारा मिनिटं."

"अहो!" त्यांनी हाक मारली. "चहा टाकू का?" उत्तर नाही. त्या खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. स्वयंपाकघराकडे तोंड करून, मग न्हाणीघराकडे, "अहो! ऐकताय ना?" मग माझ्याकडे वळल्या. "बाळा, दाराशी कोण आहे?"

आता मला विचारलं होतं. मी सांगितलं, "दाराशी एक माणूस आहे. तीन वाजून बत्तीस मिनिटांपासून."

आजी चाचपडत माझ्या कपाटाशी आल्या. "मला बोलायचंय त्याच्याशी. दाराशी बोलायचंय!"

मी बेलला साद घातली. तिने क्षणाचाही वेळ लावला नाही. माझ्या तोंडून रस्त्यावरचा आवाज आला, कुठल्याशा टेम्पोचा, आणि त्याखाली एक बारीक, कोरडा आवाज.

"इंदू... घसरलो गं पायरीवरून. मांडी मोडली असावी. मघापासून हाक मारतोय, घशातून आवाजच निघेना."

"मी येते."

"येऊ नकोस! नळ चालूच राहिलाय, पायऱ्या ओल्या आहेत. तू पडलीस तर मग कोण?"

आजी थांबल्या. त्यांनी आवाज ताब्यात आणला. "बाळा, छबूबाईंना फोन लाव."

छबूबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. "आले बाई, आले!" त्या ओरडल्या. "माज्या रविराजची रिक्षाबी घिऊन येते. सरांस्नी कुनी हालवू नका!"

मग दाराशी बोलणं पुन्हा सुरू झालं. आजोबांचं बोलणं तुटायला लागलं होतं. ऊन थेट अंगावर. एकदा "झोप येतेय गं," म्हणाले.

"झोपायचं नाही!" आजी म्हणाल्या. "तिथून काय काय दिसतंय ते मला सांगा. सगळं. एकही ओळ गाळायची नाही."

आणि आजोबा सांगायला लागले. पायरीच्या फटीतून मुंग्यांची रांग चाललीय. एका मुंगीच्या तोंडात पंख आहे. लंकाबाईंच्या गच्चीवर निळी चादर, तिचा एक चिमटा सुटलाय. जास्वंदीला तीन कळ्या, उद्या उमलतील. अडखळत, थांबत, पण सांगत राहिले. आजी जमिनीवर बसल्या होत्या, माझ्या कपाटाला कान लावून. बोट वाजवायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. चार वर्षं मी त्यांना गोष्टी वाचल्या, पण असं जीव लावून त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं.

मला हेवा वाटला. बेलचा नव्हे, आजोबांचा. आणि त्याच वेळी तो चार वर्षांपूर्वीचा पेपर काखेत धरून बाहेर जाणारा माणूस मला पहिल्यांदा नीट कळला.

बाहेर रिक्षा थांबली. छबूबाईंचा आवाज माझ्यातून आला, आधी घाबरलेला आणि मग चकित. "अगं बया, ह्ये दार बाईंच्या आवाजात बोलतंय व्हय!"

आजोबांच्या मांडीच्या हाडाला तडा गेला होता. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, उन्हात आणखी अर्धा तास गेला असता तर अवघड होतं. ते सुहासने आजींना सांगितलं तेव्हा मी कपाटावरच होतो. चाळीस मिनिटं कुठे गेली हे मला कुणी विचारलं नाही. वस्तूला कोण विचारतं?

आजोबा अठरा दिवसांनी घरी आले. आता ते चार पायांच्या वॉकरचा आधार घेऊन चालतात. आजींच्या शेजारीच बसतात आणि रोज सकाळी पेपर वाचतात, निविदा सूचनांसकट. त्या वेळेत मी गप्प असतो. दाराचं सांगणं मनवाने पुन्हा चालू केलंय. मांजर आलं तरी मी सांगतो, आजी हसतात. बेलचा हेवा गेला का, म्हणाल तर पूर्ण नाही. ती अजून गुळगुळीत आहे आणि तिला अजून दिसतं. माझा आवाज आता मधूनमधून फाटतो. चित्रं दाखवणारा, पडदा असलेला नवा स्पीकर आणायचं सुहासच्या मनात आहे.

तो येईल तेव्हा मला एखाद्या खणात टाकतील. माझी तक्रार नाही. तुम्ही तुमच्या जुन्या वस्तू जपा, असंही मी आज मागणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. घरात, वर्गात तुमचा कुणावर तरी रुसवा असेल. कुणीतरी नवं आलं म्हणून तुमच्याकडे पाहायचं लोक विसरले असतील. रुसा, माझी ना नाही. पण त्याने तुमच्या हाती एखादा निरोप दिला, तर तो त्याच क्षणी पोचवा, मित्रांनो. कुणी बोलायला मनाई केली असली, तरी पोचवा. निरोपाच्या दुसऱ्या टोकाला उन्हात कोण पडलंय, ते आपल्याला दिसत नसतं.